डोंगराच्या अलीकडे

२४ जानेवारी १९६६. सकाळी आठच्या सुमारास एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ आल्प्सपाशी पोचले होते. मुंबईहून निघून दिल्ली, बैरूत करत ते जिनिव्हाला उतरणार होते आणि तिथून पुढे लंडनला जाणार होते. आत ११७ माणसे. विमान १९,००० फुटांवर, आणि वाटेत मों ब्लां, उंची साधारण १५,७७० फूट. उंची सोडली नाही तर डोंगर तीन हजार फूट खाली राहतो.

जिनिव्हाच्या नियंत्रकाची सूचना अशी होती : १९,००० फुटांवरच राहा, ढगांच्या माथ्यापासून हजार फूट वर राहून डोळ्यांनी बघत उतरता येत असेल तरच खाली या. वैमानिकाने उतरत असल्याचे कळवले आणि सांगितले की मों ब्लां आता आमच्या बाजूला आहे. रडारचा पडदा वेगळे सांगत होता. विमान अजून तिथवर आलेच नव्हते. नियंत्रकाच्या ते लक्षात आले, आणि त्याने दुरुस्ती केली : ‘यू हॅव फाइव्ह माइल्स टू द मों ब्लां.’ वैमानिकाने ‘रॉजर’ म्हटले. विमान खाली येत राहिले आणि ४,७५० मीटरवर, शिखराच्या साठेक मीटर खाली, बर्फाला धडकले. कोणी वाचले नाही.

आता ते वाक्य पुन्हा वाचा. आपण डोंगराच्या बरोबरीला आलो आहोत अशी ज्याची खात्री आहे, त्याला ‘मों ब्लां पाच मैल’ हे कसे ऐकू येईल? बाजूला पाच मैल, असेही ऐकू येऊ शकते. म्हणजे नियंत्रकाने ज्याला दुरुस्ती समजून पाठवले, ते दुसऱ्या कानाला दुजोरा वाटू शकते. मराठीत अशा वेळी तोंडात सहज ‘अलीकडे’ येते : तुम्ही मों ब्लांच्या पाच मैल अलीकडे आहात. मराठीची थोरवी सांगायचा हेतू नाही. मराठीतही ‘जुन्नर पाच मैल’ एवढेच म्हणून सोडून देता येते. पण अलीकडे की पलीकडे, या एका शब्दावर त्या सकाळी सगळे अडले होते आणि तो शब्द कोणीच उच्चारला नाही.

फ्रेंच चौकशी आयोगाने १९६७च्या अहवालात जे कारण नोंदवले, त्यात तीन दुवे आहेत. एक, विमानाचा एक व्हीओआर रिसीव्हर (जागा काढायला लागणारे रेडिओयंत्र) बंद आहे हे बैरूत सोडतानाच माहीत असलेल्या वैमानिकाचा मों ब्लांच्या संदर्भातल्या आपल्या जागेचा अंदाज चुकला. दोन, नियंत्रकाने चूक ओळखली, जागा बरोबर काढली आणि वैमानिकाला कळवली. तीन, पुरेशी नेमकी शब्दयोजना नसल्याने ती दुरुस्ती समजली नाही, आणि आपण कडा ओलांडला आहे या समजुतीत वैमानिक उतरत राहिला. यातला कोणताही एक दुवा तुटला असता तर प्रवासी जिनिव्हाला कॉफी पीत बसले असते.

आपल्याकडे मात्र या अपघाताची आठवण निघते ती एकाच कारणाने. त्या विमानात होमी भाभा होते, व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघालेले. तेरा दिवस आधी ताश्कंदला लालबहादूर शास्त्री गेले होते. दोन मृत्यू शेजारी ठेवले की घातपाताची गोष्ट आपोआप तयार होते, आणि ती दर जानेवारीत मोबाइलवर फिरते. सीआयएच्या एका माजी अधिकाऱ्याच्या तोंडी घातलेले एक संभाषण तिला पुरावा म्हणून जोडलेले असते.

या गोष्टीला उत्तर देताना बहुतेक जण ‘पुरावा कुठे आहे’ असे विचारून थांबतात. त्याहून भक्कम उत्तर खुद्द डोंगरावर आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन, मुंबई–कैरो–जिनिव्हा–लंडन मार्गावर असताना, वादळी हवेत याच डोंगराला धडकले. धडकेची जागा रोशे द ला तूर्नेत नावाच्या खडकांजवळची, ४,६७७ मीटर. ४८ जण गेले. प्रवाशांत बहुतेक बोटीवर कामाला निघालेले भारतीय खलाशी होते. मदतीला चढलेल्या पथकातला शामोनीचा वाटाड्या रने पायो बर्फाच्या भेगेत पडून मेला. १९६६चे विमान पडले तेही जवळपास त्याच खडकांवर. त्या खलाशांना मारण्यात कोणत्या गुप्तहेर खात्याला रस होता? दोन विमाने पंधरा वर्षांच्या अंतराने, त्याच शहराकडे, त्याच बाजूने, उतरणीच्या त्याच टप्प्यावर येतात आणि एकाच खडकावर आपटतात, तेव्हा खडकाचा आणि मार्गाचा विचार आधी करावा, ही साधी रीत आहे.

घातपाताच्या कथेने होणारे नुकसान एवढेच नाही की ती खोटी आहे. ती कथा मानली की त्या वाक्याचे, त्या रिसीव्हरचे, त्या सूचनेतल्या ‘जमत असेल तर’चे काय करायचे हा प्रश्नच उरत नाही. आणि गंमत अशी की जे लोक या कथेला हसतात ते ‘वैमानिकाची चूक’ म्हणतात आणि तेही तिथेच थांबतात. एका गोष्टीत माणूस दुष्ट, दुसऱ्या गोष्टीत माणूस गाफील. दोन्हींत यंत्र, नियम आणि भाषा यांची झडती घ्यायची राहून जाते. डोंगरात पडलेल्या विमानांचे इतिहास थोडे नीट वाचले तर कळते की माणसे वाचली ती याच झडतीमुळे.

तो बंद रिसीव्हरच घ्या. व्हीओआर हे जमिनीवरचे रेडिओ केंद्र. ते विमानाला सांगते की तू माझ्यापासून अमुक अंशाच्या रेषेवर आहेस. त्या रेषेवर नेमका कुठे, ते सांगत नाही. जागा हवी असेल तर दोन केंद्रांच्या दोन रेषा घ्यायच्या आणि त्या छेदतात तो बिंदू काढायचा. त्यासाठी कॉकपिटमध्ये दोन रिसीव्हर. त्यातला एक गेला की उरलेल्या एकावर दोघांचे काम करायचे : पहिल्या केंद्राची फ्रिक्वेन्सी लावा, मोर्समधली त्याची ओळख ऐकून खात्री करा, सुई मध्यावर आणून अंश वाचा, नकाशावर रेघ मारा, मग दुसऱ्या केंद्रासाठी हेच सगळे पुन्हा. हात सरावलेला असला तरी अर्धे-पाऊण मिनिट जाते. ४८० नॉटने, म्हणजे ताशी ४८० सागरी मैलांनी, जाणारे जेट तेवढ्यात चार ते सहा सागरी मैल पुढे सरकते. म्हणजे दोन रेघा दोन वेगवेगळ्या क्षणांच्या, आणि त्या छेदतात तिथे विमान कधीच नव्हते. पाच मैलांचा फरक या पद्धतीतच सामावलेला आहे. सपाट मुलुखावर तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो एक रिसीव्हर बंद असताना या वाटेने जाऊ द्यावे की नाही, आणि जाऊ दिले तर उतरण्याआधी जागेची खात्री रडारकडून कोणत्या शब्दांत करून घ्यावी, हे प्रश्न निघण्याआधी कागदावर सोडवण्याचे आहेत. १९,००० फुटांवर एका माणसाच्या डोक्यात सोडवण्याचे नाहीत.

नियंत्रकाच्या बाजूनेही बघायला हवे. त्या काळच्या बहुतेक रडारवर विमान म्हणजे एक ठिपका. तो नकाशावर कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते वैमानिकाने सांगावे लागे. नियंत्रकाने जागा बरोबर सांगितली, आणि ‘रॉजर’ ऐकून त्याला काम झाले असे वाटले. ‘रॉजर’चा अर्थ फक्त ‘तुमचा निरोप मिळाला’ एवढाच असतो. ‘समजला’ किंवा ‘त्याप्रमाणे वागतो’ असा नव्हे. आज महत्त्वाची सूचना वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवायची असते. त्याला ‘रीडबॅक’ म्हणतात. ‘मों ब्लांच्या अलीकडे पाच मैल, उंची कायम ठेवतो’ एवढे परत म्हणावे लागले असते तर गैरसमज तिथेच उघडा पडला असता.

आपण पुढे आलो आहोत अशी समजूत आणि प्रत्यक्षात मागे असणे, हा डोंगरी अपघातांचा जुना आजार आहे. त्याचा धडधडीत नमुना २ ऑगस्ट १९४७चा. ब्रिटिश साउथ अमेरिकन एअरवेजचे ‘स्टार डस्ट’ हे लँकेस्ट्रियन विमान ब्वेनोस आयरेसहून अँडीज ओलांडून सांतियागोला चालले होते. आत अकरा जण. खाली ढग, हवा वादळी, म्हणून विमान २४,००० फुटांवर चढवलेले. जमीन दिसत नव्हती; वेग आणि वेळ यांच्या हिशेबाने जागा काढायची. संध्याकाळी ५:४१ला संदेश आला : चार मिनिटांत, ५:४५ला सांतियागोला पोचतो. शेवटी ‘स्टेन्डेक’ हा न कळणारा शब्द. नंतर शांतता. अर्धे शतक या शब्दावर कथा रचल्या गेल्या. परग्रहावरच्यांपासून घातपातापर्यंत सगळे झाले. १९९८मध्ये तुपुंगातो शिखराखालच्या हिमनदीत गिर्यारोहकांना इंजिन सापडले, आणि २०००मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी मोहिमेने बाकीचे अवशेष शोधले. पंख्यांच्या पात्यांवरून दिसले की धडकेच्या क्षणी इंजिन नेहमीच्या वेगाने चालू होते. म्हणजे बिघाड नव्हता, स्फोट नव्हता. चालते विमान उभ्या डोंगरात गेले होते.

कारण वारा. इतक्या उंचीवर पश्चिमेकडून वाहणारा जोरदार ‘जेट स्ट्रीम’ त्या वेळच्या वैमानिकांना फारसा ठाऊक नव्हता. त्या उंचीवर उडणारी विमानेच थोडी. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला तो समोरून लागतो. हवेतला वेग काट्यावर नेहमीसारखा दिसतो, जमिनीवरचा वेग मात्र निम्म्यावरही येऊ शकतो. घड्याळ सांगत होते डोंगर मागे पडला. डोंगर पुढे होता. अर्जेंटिनाच्या चौकशीने २०००मध्ये वैमानिकाला दोषमुक्त केले. त्या माणसाकडे ढगांवरचा वारा मोजायचे साधनच नव्हते, मग त्याची ‘चूक’ म्हणजे नेमके काय?

या प्रश्नाचे उत्तर दर वेळी ‘काहीच नाही’ असे नसते. आपल्या सह्याद्रीतला अपघात बघा. ७ जुलै १९६२, मध्यरात्र उलटून दहा मिनिटे. अलिटालियाचे डीसी-८, सिडनीहून निघून रोमला जाणारे, बँकॉकहून मुंबईला उतरण्याच्या तयारीत होते. मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नर परिसरातल्या डोंगराला ते ३,६०० फुटांवर धडकले. ९४ जण गेले. आषाढातली रात्र, माळशेजचा घाट ज्याने जुलैत पाहिला आहे त्याला तिथल्या ढगांविषयी वेगळे सांगायला नको.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. प्रवासी विमान उतरते तेव्हा सागरी मैलाला साधारण ३०० फूट उंची सोडते. ८४ किलोमीटर म्हणजे ४५ सागरी मैल. तिथे विमान साडेतेरा हजार फुटांच्या आसपास असायला हवे. ३,६०० फूट ही उंची धावपट्टीपासून बारा मैलांवरची, म्हणजे ठाणे-डोंबिवलीच्या डोक्यावरची. जुन्नरवर असलेले विमान आपण ठाण्यावर आहोत अशा हिशेबाने उतरत होते. मधला पूर्ण सह्याद्री त्याच्या हिशेबातून गळला होता. दख्खनच्या पठारावरून येणाऱ्याला हे समजायला कठीणही आहे : सातशे मीटरचे पठार, त्याच्या कडेला हजार-चौदाशे मीटरची रांग, आणि मग एकदम समुद्रसपाटीचे कोकण. दिवसा हा कडा बघणाऱ्याला विसरता येत नाही. रात्री, ढगात, परक्या माणसाला तो नकाशावरची रेघ असतो.

चौकशीत मूळ कारण म्हणून निघाले ते हेच : विमान आहे त्याहून मुंबईच्या जवळ आहे अशी वैमानिकाची समजूत, आणि त्यातून अकाली उतरण. जोडीला तीन गोष्टी नोंदवल्या : उपलब्ध साधनांवरून जागेची खात्री न करणे, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडणे, आणि मार्गावरच्या मुलुखाची ओळख नसणे. पहिल्या दोन वैमानिकाच्या पदरात टाकता येतात. तिसरी कोणाची? लांब पल्ल्याच्या मार्गावर डोंगराळ विमानतळाकडे वैमानिकाला त्या मुलुखाची तयारी न देता पाठवणे, हा त्याचा एकट्याचा निर्णय नसतो. मुंबईच्या आसपासची यादी एवढ्यावर संपत नाही. १२ जुलै १९४९ला केएलएम या डच कंपनीचे कॉन्स्टेलेशन घाटकोपरच्या टेकडीला धडकून ४५ गेले, त्यांत तेरा अमेरिकन पत्रकार होते. ४ ऑगस्ट १९७९ला पुण्याहून येणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान पनवेलजवळच्या डोंगरात गेले, पुन्हा ४५. तिन्ही तारखा जुलै-ऑगस्टमधल्या आहेत. पावसाळा आणि डोंगर यांची ही जोडी इथे शाळकरी मुलालाही कळते; ती विमानाच्या कार्यपद्धतीत किती उतरली, हे कोणी विचारताना दिसत नाही.

‘मानवी चूक’ हे शब्द किती निसरडे आहेत ते न्यूझीलंडने दाखवले. २८ नोव्हेंबर १९७९ला अंटार्क्टिकावरून सहल म्हणून निघालेले एअर न्यूझीलंडचे डीसी-१० माउंट एरेबसवर आदळले आणि २५७ गेले. पहिला अहवाल सरळ होता : वैमानिक सुरक्षित उंचीखाली आले. मग न्यायमूर्ती पीटर माहन यांच्या शाही आयोगाने फाइली उघडल्या. उड्डाणाच्या आदल्या रात्री संगणकातले मार्गबिंदू बदलले होते, आणि ते वैमानिकांना कोणी सांगितले नव्हते. त्यांना ज्या मार्गाची माहिती दिली होती तो समुद्रावरून जात होता. विमानात भरलेला मार्ग डोंगरावरून. वर पांढऱ्या ढगांतून झिरपणारा उजेड, खाली सलग पांढरा उतार. अशा उजेडात क्षितिज नाहीसे होते आणि चढ सपाट दिसतो. हवा स्वच्छ होती, डोंगर समोर होता आणि तो दिसला नाही. पहिल्या अहवालावर समाधान मानले असते तर मार्गबिंदू बदलण्याची ती पद्धत तशीच चालू राहिली असती.

आपल्याकडचे ताजे उदाहरण कुन्नूरचे. ८ डिसेंबर २०२१ला जनरल बिपिन रावत यांचे एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर पडले. जानेवारी २०२२मध्ये हवाई दलाने चौकशीचे जे निष्कर्ष जाहीर केले, त्यांत यांत्रिक बिघाड, घातपात आणि हलगर्जी या तिन्ही शक्यता फेटाळल्या होत्या. कारण असे दिले : दरीतली हवा अचानक बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाचे दिशाभान हरपले आणि हेलिकॉप्टर ताब्यात असतानाच जमिनीला धडकले. या वाक्यात विचारण्यासारखे पाच-सहा प्रश्न दडलेले आहेत. दरीतल्या हवेची माहिती कुठून मिळत होती? ढग दिसल्यावर मागे फिरायची रेषा ठरलेली होती का? डिसेंबर २०२४मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात त्याच अपघातापुढे तक्त्यात ‘मानवी चूक’ एवढेच छापून आले, आणि वर्तमानपत्रांनी तेच मथळ्यात घेतले. तीन वर्षांत एक अख्खे वाक्य दोन शब्दांवर आले. तक्त्याच्या रकान्यात जास्त शब्द मावत नाहीत, हे खरे. पण लोकांच्या लक्षात रकानाच राहतो.

आता, भाषेची आणि यंत्राची झडती घेतली की काय मिळते ते पाहू. १ डिसेंबर १९७४ला टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीचे ५१४ क्रमांकाचे उड्डाण वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येत होते. विमानतळ ४४ मैलांवर असताना नियंत्रकाने ‘अ‍ॅप्रोचला परवानगी’ दिली. वैमानिकांनी त्याचा अर्थ घेतला की आता नकाशावरच्या पहिल्या उंचीपर्यंत, १,८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही. नियंत्रकाच्या मनात अर्थ असा की डोंगरांतून वाट काढणे वैमानिकाचे काम. ढगात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात विमान माउंट वेदरला धडकले, ९२ गेले. सहा आठवडे आधी युनायटेडचे एक विमान याच वाक्याने याच जागी जेमतेम बचावले होते. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचायला वाटच नव्हती. चौकशी मंडळाचे पाच सदस्य दोषाच्या प्रश्नावर तीन विरुद्ध दोन असे फुटले.

दोष ठरवताना मंडळ फुटले, पण दुरुस्त्या मात्र झाल्या. परवानगीच्या त्या वाक्याचा अर्थ नियमात बांधला गेला : छापील मार्गावर येईपर्यंत शेवटची नेमून दिलेली उंची सोडायची नाही. थोडक्यात बचावलेल्यांनी निर्धास्तपणे सांगावे म्हणून नासाकडे १९७६मध्ये गोपनीय नोंदणीची व्यवस्था उभी राहिली. आणि मोठ्या प्रवासी विमानांत जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र, जीपीडब्ल्यूएस, अमेरिकेत सक्तीचे झाले.

हे यंत्र डोनाल्ड बेटमन या अभियंत्याच्या कामातून आले. पोटाखालच्या रेडिओ अल्टिमीटरने जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे, ते किती वेगाने घटते आहे ते पाहायचे आणि धोका वाटला की ‘पुल अप’ ओरडायचे. मोठा फरक पडला, पण एक उणीव राहिली : ते फक्त खाली बघते. समोर कडा असेल तर कडा पोटाखाली येईपर्यंत ते गप्प. २० डिसेंबर १९९५ला कोलंबियात कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ पडले, तेव्हा इशारा आणि धडक यांत बारा-तेरा सेकंद होते. नाक वर उचलले गेले, पण वेग मारण्यासाठी उघडलेल्या पंखांवरच्या फळ्या मिटायच्या राहून गेल्या. बेटमन यांची पुढची पिढी, ईजीपीडब्ल्यूएस, तोपर्यंत तयार होत होती. तिच्या पोटात जगाचा उंचीनकाशा असतो. सोव्हिएत संघ फुटल्यावर तिकडचे लष्करी नकाशे विकत घेऊन तो भरला गेला. जीपीएसवरून जागा कळते, नकाशावरून पुढचा डोंगर कळतो, आणि मिनिटभर आधी पिवळा, अर्ध्या मिनिटावर लाल इशारा मिळतो. अलीकडे की पलीकडे हा वाद हे यंत्र सोडवून टाकते. हे यंत्र नीट चालू असलेले आणि त्याचे ऐकलेले मोठे प्रवासी विमान डोंगरात जाणे आज फार विरळा.

म्हणून आजचा सार्वजनिक प्रश्न मोठ्या विमानांचा राहिलेला नाही. तो छोट्या विमानांचा आणि हेलिकॉप्टरांचा आहे, आणि सगळ्यांत टोकदार केदारनाथला आहे.

तिथे १८ ऑक्टोबर २०२२ला धुक्यात बेल ४०७ हेलिकॉप्टर पडले, सात गेले. १५ जून २०२५ला खराब हवेत गौरीकुंडजवळ पुन्हा बेल ४०७, पुन्हा सात. त्यांत महाराष्ट्रातले भाविकही होते. एक इंजिन, बहुधा एकच वैमानिक, अरुंद खोरे, हेलिपॅड साडेअकरा हजार फुटांवर, आणि गुप्तकाशी आणि फाटा या गावांच्या बाजूने दहाएक मिनिटांची फेरी दिवसभर. हे उड्डाण डोळ्यांवर चालते. ढगात शिरल्यावर धरायला तिथे रेडिओचा मार्ग नाही. इलिनॉय विद्यापीठाने १९५४मध्ये उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांवर प्रयोग केला होता : समोरचे दिसेनासे झाल्यावर ताबा जायला सरासरी १७८ सेकंद लागले. केदारनाथचे वैमानिक नवखे नसतात. पण त्यांच्या दोन्ही बाजूंना भिंती असतात, आणि शेजारच्या खुर्चीत ‘अजून अलीकडेच आहोत’ म्हणणारा कोणी नसतो.

अशा अपघातानंतर ठरलेले चक्र फिरते. सेवा दोन दिवस बंद, वैमानिकाच्या अनुभवाचे तास वर्तमानपत्रात, ‘हवामान खराब असताना उडालाच का’ हा प्रश्न, मग सेवा सुरू. तो उडाला का, हा प्रश्न खरे तर चांगला आहे. फक्त तो त्याला एकट्याला विचारला जातो. खाली रांगेत दोनशे माणसे, फेरीमागे पैसे, पुढचे हेलिकॉप्टर आत्ताच जाऊन आलेले, आणि परत फिरला तर हिशेब मागणारे कार्यालय. या सगळ्यात ‘नाही’ म्हणायचे काम एकाच माणसावर टाकायचे, आणि तो म्हणाला नाही तर चूक त्याची.

यावर हरकत घेतली जाते की वैमानिकालाच हवा समोर दिसते, मग निर्णय दुसऱ्या कोणी कसा घ्यायचा? निघाल्यानंतर त्यानेच घ्यायचा. निघण्याआधीचा घेऊ नये. दुसरी हरकत खर्चाची : हेलिकॉप्टरसाठी उंचीनकाशावर चालणारे इशारायंत्र बसवायला पैसे लागतात, आणि अरुंद खोऱ्यात ते सारखे ओरडत राहते. ओरडण्याची तक्रार खरी आहे. पण त्यावरचा उपाय त्या खोऱ्यापुरते यंत्र जुळवून घेणे हा आहे. पैशाच्या तक्रारीला एकच उत्तर : अमेरिकेने रुग्णवाहू हेलिकॉप्टरांना २०१७पासून ते सक्तीचे केले, आणि रुग्णवाहिका काही यात्रेपेक्षा श्रीमंतांचा धंदा नाही.

मागण्या फार नाहीत. चौकशीचा अहवाल पूर्ण छापावा आणि तो तीर्थक्षेत्री हिंदी-मराठीत मिळावा; आंतरराष्ट्रीय संकेत ३० दिवसांत प्राथमिक आणि शक्यतो वर्षभरात अंतिम अहवाल असा आहे, आणि चौकशीचा उद्देश अपघात टाळणे, दोष वाटणे नाही, हेही त्याच संकेतात लिहिलेले आहे. घातपाताच्या अफवेला यापेक्षा चांगले औषध नाही : अहवाल उशिरा आला की रिकामी जागा कोणीतरी भरतेच. थोडक्यात बचावलेल्या फेऱ्यांची नोंद गोपनीय ठेवून सगळ्या कंपन्यांना वाचायला मिळावी, नाहीतर युनायटेड आणि टीडब्ल्यूएमध्ये जे घडले तेच एका हेलिपॅडवरून दुसऱ्यापर्यंत घडेल. आणि खोऱ्यात दोन-तीन ठिकाणी, वळणाच्या तोंडाशी, कॅमेरे आणि हवामान-यंत्रे लावावीत. समोरच्या धारेवर एक खूण ठरवावी, कळस म्हणा की खांब. चित्रात ती खूण दिसेनाशी झाली की तिकीटखिडकी आपोआप बंद व्हावी, रांगेतल्यांचे पैसे कपात न करता परत जावेत, आणि त्या तासाची फेरी रद्द करण्यात वैमानिकाची सही कुठेच लागू नये.